आणखी एक पडदा उठला

पूर्वी गाणं बिघडलं की दोष कुणाचा हे लगेच ठरत असे. गवयाचा आवाज बसलेला असे, तबलजी जडसं जेवून आलेला असे, पेटीवाला स्वतःचंच काहीतरी वाजवत असे, आणि यांपैकी काहीच नसेल तर माइकवाला होताच. रेडिओ खरखरला तर दोष हवामानाचा. तबकडी अडकली तर घरातल्या धाकट्याचा. त्याला एक धपाटा घातला की त्या हादऱ्याने सुईही पुढे सरके. दोषाला चेहरा होता, पाठ होती. आता दोष इतका बारीक झाला आहे की तो डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळत नाही, आणि म्हणूनच तो काढायला फार पैसे पडतात. त्याचं नाव जिटर.

ज्यांच्या घरात ही बाधा अजून शिरलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून सीडी घडवली आणि 1982 साली ती बाजारात आणली. सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. एका सेकंदाच्या आवाजाचे 44,100 नमुने, तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे, आणि प्रत्येक नमुन्याला 65,536 पायऱ्यांपैकी एक पायरी नेमून दिलेली. हा 44,100 चा आकडा कुणा संगीतज्ञाने चिंतन करून काढला असेल असं वाटतं. पण त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओच्या टेपवर साठवत, आणि टीव्हीच्या चित्रातल्या आडव्या रेघांच्या हिशेबात तो नीट बसला म्हणून ठरला. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला विजेचे चढउतार लागतात. आकड्यांचे पुन्हा चढउतार करणारी चिप म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, घरगुती नाव डॅक. ती तुमच्या मोबाइलमध्ये आहे, टीव्हीत आहे, गाडीत आहे. अ‍ॅपलचा यूएसबी-सीला हेडफोन जोडायचा तो अमेरिकेत 9 डॉलरला मिळणारा वीतभर तुकडा आहे ना, त्याच्या पोटातही एक डॅक आहे.

डॅकने आकडा बरोबर वाचून भागत नाही, तो वेळेवर वाचावा लागतो. दोन नमुन्यांमध्ये अंतर असतं 22.7 मायक्रोसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजलेलं. एखाद्या तबलजीने ठेक्यातले सगळे बोल बरोबर वाजवावेत, पण एक धा जरासा आधी आणि दुसरा जरासा उशिरा पडावा, तसं या आकड्यांचं झालं की तो जिटर. बोल बरोबर, मात्रा डळमळली.

ही बाधा एके काळी खरी होती. सीडी प्लेयर वेगळा आणि डॅक वेगळा ठेवायची पद्धत आली तेव्हा दोघांच्या मध्ये एक केबल आली. त्या केबलमधून आकडे आणि त्यांची वेळ एकत्रच जायची, आणि पलीकडच्या डॅकने आलेल्या सिग्नलवरूनच आपलं घड्याळ लावून घ्यायचं. सिग्नल थरथरला की घड्याळ थरथरे. पुढे सीडी प्लेयरच्या जागी कॉम्प्युटर आला, आणि इंजिनिअर मंडळींनी यावर एक साधा उपाय काढला. घड्याळ डॅकच्या शेजारीच बसवायचं. आकडे कधी हवेत आणि किती हवेत हे डॅकने सांगायचं आणि कॉम्प्युटरने निमूट आणून द्यायचे. हुकूम डॅकचा, हमाली कॉम्प्युटरची. याला असिंक्रोनस यूएसबी म्हणतात, आणि आता बेताच्या किमतीच्या डॅकमध्येही ती सोय असते.

म्हणजे प्रश्न सुटला. आणि नेमकं इथूनच आमच्या मेहुण्यांचं काम सुरू झालं.

मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले. कॉलेजात असताना पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून त्यांनी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर जोडला होता. त्यातून गाणं कमी आणि 50 हर्ट्झचा हम जास्त यायचा, पण तो हम स्वतःच्या हाताने बनवलेला असल्यामुळे त्याचं कौतुक होतं. मधली तीस-पस्तीस वर्षं कर्ज, मुलं आणि बदल्या यांत गेली. निवृत्तीचे पैसे आले आणि जुनी हौस उसळून वर आली. निसर्गाची एक खोड इथे नोंदवून ठेवतो : चांगली यंत्रं घेण्याइतका पैसा माणसाच्या हातात येतो, तोवर त्याच्या कानांतून वरचे सूर निघून गेलेले असतात. विशीत 20 हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकणारा पुरुष साठीत 12 हजारांवर, कित्येकदा त्याच्याही खाली आलेला असतो. मेहुण्यांची नात परवा म्हणाली, “आजोबा, तुमचा चार्जर किती किंचाळतोय!” आजोबांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्या वेळी ते दोन यूएसबी केबलींमधला फरक समजावून सांगत होते.

मेहुण्यांच्या घरी पाहुण्याला चहा नंतर मिळतो, आधी डॅक दाखवतात. एकावर एक ठेवलेले. त्यातला एक “आगीच्या आधीचा” आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला मोठी आग लागली, जगभर तिच्या डॅकच्या चिपा मिळेनाशा झाल्या, आणि कंपन्यांना आपल्या यंत्रांत दुसऱ्या बनावटीच्या चिपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून आगीच्या आधीचा आणि आगीच्या नंतरचा असे दोन कालखंड मेहुण्यांच्या इतिहासात आहेत. आधीचा आवाज म्हणे “वॉर्म” आहे. कारखान्याच्या आगीचा आणि या उबेचा काही संबंध असावा असं माझ्या मनात येतं, पण मी चहा मिळेपर्यंत बोलत नाही.

प्रत्येक नव्या खरेदीनंतर मेहुण्यांचा फोन येतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “अहो, आणखी एक पडदा उठला!” या लोकांच्या बोलीत आवाज सुधारत नाही, त्याच्यावरचा पडदा उठतो. डॅक बदलला, पडदा उठला. केबल बदलली, पडदा उठला. डॅकच्या खाली चार लाकडी ठोकळे ठेवले, एकदम दोन पडदे उठले. इतके पडदे उठल्यावर एव्हाना गवई मेहुण्यांच्या मांडीवर येऊन बसायला हवा होता. पण दर वेळी मागे आणखी एक पडदा निघतोच, आणि तो कुठल्या दुकानात उठवून मिळेल हे मेहुण्यांना आधीच माहीत असतं.

पूर्वीचे जाणकार मैफलीत पहिल्या रांगेत बसून समेच्या आधीच “वा!” म्हणायचे. मेहुणे त्याच्याही पुढे गेले आहेत. तानपुरा सुरू होण्यापूर्वीच्या शांततेला ते दाद देतात. “बघितलंत? बॅकग्राउंड किती काळंकुट्ट आहे!” ही शांतता ऐकायची तर पंखा बंद ठेवावा लागतो, आणि पुण्यात मे महिना असतो. यातलं गणित मजेचं आहे. मेहुण्यांच्या डॅकच्या खोक्यावर 120 डेसिबलची ग्वाही छापली आहे. म्हणजे त्यातला सर्वांत मोठा आवाज आणि यंत्राची स्वतःची कुजबुज यांत एवढं अंतर. शहरातल्या फ्लॅटमध्ये, पंखा चालू असताना, कुकर, लिफ्ट आणि खालच्या स्कूटरी धरून 40 डेसिबल तरी कायमचे मुक्कामाला असतात. त्यांच्या वर पूर्ण 120 ऐकायचे म्हटलं तर आवाज 160 पर्यंत न्यावा लागेल. कान दुखायला सुरुवात होते 120-130 च्या आसपास. तेव्हा ही ग्वाही तपासून बघणारा ग्राहक तक्रार करायला परत येण्याची शक्यता कमीच.

आता मुख्य प्रश्न : जिटर ऐकू येतो का? हे तपासणारे लोक जगात आहेत, आणि त्यांना कुणी घरी जेवायला बोलावत नाही. 1998 साली बेंजामिन आणि गॅनन या दोघांनी प्रयोग करून सांगितलं की, एकाच उंच शुद्ध स्वरासारखा जिटर पकडायला सर्वांत सोपा आवाज घेतला तरी साधारण 10 नॅनोसेकंदांच्या खाली श्रोत्यांना तो कळत नाही. संगीतात तर ही मर्यादा आणखी वर जाते. 2005 साली जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी मुरलेले श्रोते बसवले, त्यांच्या पसंतीचं संगीत आणि त्यांच्याच पसंतीची यंत्रं लावली. यादृच्छिक जिटर त्यांना जाणवू लागला तो काहीशे नॅनोसेकंदांवर. आजच्या बऱ्या डॅकमधला जिटर नॅनोसेकंदात मोजत नाहीत, पिकोसेकंदात मोजतात. एका नॅनोसेकंदात हजार पिकोसेकंद. प्रकाश एका नॅनोसेकंदात फूटभर जातो, पिकोसेकंदात मिलिमीटरभरसुद्धा जात नाही. आवाजाची चाल त्या मानाने बैलगाडीची. ऐकताना तुमचं डोकं स्पीकरकडे एक मिलिमीटर सरकलं, तर आवाज तुमच्यापर्यंत तीन हजार नॅनोसेकंद लवकर पोहोचतो. म्हणजे मेहुण्यांनी लाखभर रुपये खर्चून घालवलेला जिटर, त्यांनी “क्या बात है” म्हणत एकदा मान डोलावली की हजारो पटींनी परत येतो. शास्त्रशुद्ध ऐकायचं तर दाद देणं बंद करावं लागेल आणि श्वासही जपून घ्यावा लागेल.

मी हे सगळं मेहुण्यांना सांगून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “त्या लोकांचे स्पीकर कुठले होते?” या प्रश्नाला उत्तर नसतं. कुठलंही नाव घेतलं तरी पुढचं वाक्य “मग बरोबर” हेच येतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मेहुण्यांच्या आवाजात बिघाड झाला. म्हणजे यंत्राच्या. स्वर टोचायला लागले, टाळ्यांचा कडकडाट पत्र्यावर गारा पडल्यासारखा येऊ लागला, तबल्याचा चाटीचा बोल कानात खुपायला लागला. मेहुणे दोन रात्री झोपले नाहीत. शेवटी निदान झालं : जिटर. डॅकमधलं घड्याळ थकलं असणार. त्यावर उतारा म्हणजे बाहेरचं क्लॉक, वेगळ्या पेटीतलं, रुबिडियमचं.

रुबिडियम घड्याळ ही काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. उपग्रह आपल्याला जागा दाखवतात त्या अशा अणुघड्याळांच्या जोरावर. आपल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळं बंद पडली, तेव्हा इस्रोला बदली उपग्रह पाठवावा लागला. आणि मे 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 मध्ये पहिल्यांदा देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ बसवलं गेलं. देशाला आपली जहाजं कुठे आहेत हे कळावं म्हणून जे लागतं, ते मेहुण्यांना तबला डाव्या बाजूला आहे हे कळावं म्हणून हवं होतं. शिवाय रुबिडियमचा गुण असा की ते महिनोन्‌महिने भरकटत नाही. जिटर हा क्षणाक्षणाच्या थरथरीचा प्रश्न, आणि त्या कामाला डॅकला चिकटून बसवलेला साधा, चांगला क्वार्ट्झचा स्फटिक लांबून केबलने आणलेल्या घड्याळापेक्षा बहुधा सरसच ठरतो. पण ऑर्डर गेली होती.

पेटी आली, जोडली, आणि मेहुण्यांनी आम्हा सगळ्यांना ऐकायला बोलावलं. खरंच, आवाज गोड झाला होता. टोचणी गेली, टाळ्या टाळ्यांसारख्या वाजल्या. मेहुण्यांचे डोळे भरून आले. “आजवर उठलेल्या पडद्यांमधला हा सगळ्यात मोठा!”

वहिनी फराळाच्या ताटल्या ठेवत म्हणाल्या, “पडद्यांवरून आठवलं. भावोजी, तो खिडकीकडचा जरा सरळ करता का? कालच धुऊन आले, घाईत लावले मी.”

हॉलच्या त्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदे आहेत. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी ते लॉंड्रीत दिले होते, गालिचा गच्चीत टाकला होता, सोफ्याच्या उशांचे अभ्रे सोलून काढले होते. मागे उरली उघडी काच, उघडी भिंत आणि गुळगुळीत फरशी. तिन्हींवर आपटून वरचे सूर हॉलभर नाचत होते. पेटी येईपर्यंत पडदे परतले, गालिचा पसरला गेला, आणि श्रेय रुबिडियमला गेलं. मी मेहुण्यांकडे पाहिलं, मेहुण्यांनी चकलीकडे पाहिलं. माझी बायको मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती म्हणाली, “दादा, लॉंड्रीवाल्याने कितीला उठवले रे पडदे?”

याचा अर्थ मेहुण्यांना ऐकू येत नाही असा नाही. त्यांना नीटच ऐकू आलं होतं. फरक खरा होता आणि तो त्यांनी सगळ्यांच्या आधी टिपला होता. फक्त आरोपी पकडताना त्यांनी सर्वांत महाग आरोपी पकडला. या छंदात तीच रीत आहे, आणि सीडीचा दर्जाही असाच आरोपी ठरलेला. 2007 साली बॉस्टनमध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च प्रतीच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत मुद्दाम सीडीच्या दर्जाचं जादा रूपांतर घुसवलं, आणि कधी ते आहे, कधी नाही हे श्रोत्यांना ओळखायला सांगितलं. 554 वेळा उत्तरं घेतली, 276 बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती, आणि नाण्याला स्पीकरचं नाव कुणी विचारलं नसतं.

डिजिटलवाल्यांची थट्टा ऐकून तबकडीपंथाचे लोक मिशीत हसत असतील, तर त्यांनी जरा थांबावं. या पंथाचा दावा असा की तबकडीत आत्मा आहे आणि डिजिटलचा एक थेंब पडला तरी तो नासतो, आणि आम्हाला ते ऐकताक्षणी कळतं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी मूळ टेपवरून महागड्या तबकड्या काढण्यासाठी नावाजलेली. भाविकांच्या देव्हाऱ्यात तिच्या तबकड्या मानाच्या जागी. जुलै 2022 मध्ये बाहेर आलं की 2011 पासून यांतल्या अनेक तबकड्या मध्ये डिजिटल टप्पा घेऊन बनत होत्या. एवढी वर्षं आत्मा नासत होता आणि कुणाचा कान हलला नव्हता. शिवाय तबकडी फिरवणाऱ्या चांगल्या यंत्राचा वेग एक दशांश टक्का मागेपुढे होतोच. तो वेळेत मोजला तर लाखो नॅनोसेकंदांच्या घरात जातो, आणि तबकडीचं भोक मधोमध नसेल तर विचारूच नका.

मेहुण्यांचं सर्वांत लाडकं रेकॉर्डिंग कुठलं असेल? मिरजेचे अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांचं गाणं उरलं ते लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, वरचे सूर बरेचसे गाळलेले, आणि अखंड कढईत मोहरी तडतडावी अशी खरखर. ती तबकडी कुणीतरी हाताशी असलेल्या यंत्रावर फिरवून डिजिटल केली, आणि आता ती रुबिडियमच्या देखरेखीखाली, पिकोसेकंदाचीही चूक न होता, जशीच्या तशी डळमळत मेहुण्यांच्या हॉलमध्ये वाजते. आणि तरीही तो षड्ज लागला की मेहुणे डॅकविषयी बोलायचे थांबतात. बरं गाणं सुरू असताना तरी हा छंद आपोआप बरा होतो, ही त्याच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट.

जपानमध्ये काही हौशी लोकांनी शुद्ध वीज मिळावी म्हणून घराबाहेर स्वतःचा खास विजेचा खांब उभारून घेतला आहे. मेहुण्यांनी हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत काढला. सेक्रेटरी म्हणाले, आधी गच्चीच्या गळतीचं पाहू. मेहुण्यांच्या मते या देशात संगीताला भवितव्य नाही.

हे सगळं पाहून माझ्यापुरता मी एक नियम काढला आहे : घरातल्या ऑडिओमध्ये जी गोष्ट जितकी कमी ऐकू येते, तितकी तिची किंमत जास्त. स्पीकर एक फूट सरकवला तर आवाज ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि त्याला काहीच पडत नाही. बारा फुटांच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज कोपऱ्यात घुमतो आणि मधोमध गायब होतो. तिथे खुर्ची हलवणं हा फुकटचा उपाय आहे. हम येत असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं काहीशे रुपयांत होतं. पडदे-गालिचा काही हजारांत. स्पीकरवर खर्च करावा तेवढा थोडा, कारण सर्वांत जास्त बिघाड तिथेच होतो. आणि ज्याची चूक कुठल्याही माणसाने आजवर ऐकलेली नाही, त्या घड्याळाला लाख रुपये.

तेव्हा ज्यांना विचारायचं असेल त्यांना माझा सल्ला असा. डॅक दहा हजारांच्या आतला घ्या, असिंक्रोनस यूएसबी आहे एवढं पाहा आणि त्याला कपाटामागे ढकलून विसरून जा. उरलेले पैसे स्पीकरला, त्यातून उरले तर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटाला. आणि घरातले पडदे धुवायला गेले असतील, त्या आठवड्यात ऑडिओची कुठलीही खरेदी करू नका.